गॅस संपत नाही, निसटतो

गाडीच्या एसीतला गॅस खर्च होत नाही. पेट्रोल जळतं, ऑइल काळं पडतं, टायर झिजतात. एसीचा गॅस मात्र बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. एका टोकाला त्याचा द्रव होतो, दुसऱ्या टोकाला पुन्हा वायू. म्हणून ‘गॅस संपलाय, भरून टाकू’ हे निदान अर्धंच. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर पडला आहे. ती जागा शोधली नाही, तर आज भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा पैसे मोजावे लागणार.

रबरी नळ्यांमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून वर्षाकाठी थोडा गॅस झिरपतो, हे खरं. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत ती झिरप साचत जाते आणि मग जाणवते. पण दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागतो, याचा अर्थ गळती आहे. दुसरा अर्थ निघत नाही.

जुन्या मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका अजून आपल्या रस्त्यांवर भरपूर आहेत. त्यांचा एसी ‘कूलिंग देत नाही’ अशी तक्रार असते, तेव्हा पुष्कळदा गॅस पुरेसा असतो आणि दोष पंख्यात, पट्ट्यात, हीटरच्या केबलमध्ये किंवा कॉइलवर बसलेल्या पाचोळ्यात निघतो. दाबाचं गेज न लावता, खिशातला रुपया न काढता, डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी यातलं बरंच काही कळतं. ते कसं, आणि त्या ओघात एसीबद्दलच्या काही भन्नाट गोष्टी.

टन म्हणजे बर्फाचा टन

एसीचा ‘टन’ त्याच्या वजनाचा नसतो. २००० पौंड, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ओढून घेण्याची ताकद म्हणजे एक टन. आजच्या मापात साडेतीन किलोवॅट. कारखान्यांना आणि शीतगृहांना बर्फ पुरवला जायचा, त्या काळातलं हे माप यंत्रं आली तरी टिकलं.

बेडरूमला एक टनाचा एसी पुरतो. मारुती ८०० च्या आतली जागा त्या खोलीच्या मानाने अगदीच थोडी, तरी तिलाही साधारण त्याच घराण्यातला एसी लागतो. कारण गाडीला चारही बाजूंनी काच आहे, डोक्यावर तापलेला पत्रा आहे आणि शेजारीच इंजिन धगधगतंय. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सुमारे २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा जराशा खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणूनच बंद गाडीत लहान मुलांना पाच मिनिटांसाठीसुद्धा सोडू नये.

एसीची परीक्षा घेताना गाडी किती झपाट्याने तापते हे लक्षात ठेवायला हवं. उन्हातून काढलेल्या गाडीत बसल्या बसल्या ‘एसी गेला’ असा निकाल देऊ नका. आधी चारही काचा खाली करून एखादा मिनिट गाडी चालवा, म्हणजे आतली भाजकी हवा बाहेर जाईल. मग काचा वर करा आणि हवेची कळ आतली हवा फिरवण्यावर ठेवा. बाहेरची हवा घेण्यावर ती अडकली असेल, तर एसी दर क्षणी ४० अंशांची नवी हवा थंड करत बसतो आणि आपण दोष गॅसला देतो. कित्येक जुन्या गाड्यांत या कळीची केबल निसटलेली असते: कळ सरकते, आतली झडप हलत नाही.

दोन नळ्या, दोन तापमानं

बॉनेट उघडा. एसी चालू, ब्लोअर पूर्ण, इंजिन पाचेक मिनिटं चाललेलं. डॅशबोर्डच्या मागे शिरणाऱ्या दोन नळ्या शोधा: एक जाड, एक बारीक. इंजिनचा पट्टा आणि पंखा यांपासून हात, बाही, ओढणी लांब ठेवा. एसी चालू असताना पंखा कधीही अचानक सुरू होतो. बारीक नळी चटका बसण्याइतकी गरम असू शकते, म्हणून आधी बोट नुसतं टेकवून पाहा.

जाड नळी गार आणि घामेजलेली, बारीक नळी गरम, असं असेल तर यंत्रणा आपलं काम करते आहे. मग आत थंडावा का येत नाही, याचं उत्तर हवेच्या वाटेत शोधायचं, गॅसमध्ये नाही. दोन्ही नळ्यांचं तापमान सारखंच असेल तर कॉम्प्रेसर दाबत नाही, किंवा दाबायला गॅसच उरलेला नाही. जाड नळी जेमतेम गार असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी.

इंजेक्शनआधी नर्स दंडाला स्पिरिट लावते तेव्हा तेवढीच जागा गार पडते, कारण स्पिरिट उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जातं. गाडीचा एसी याच जोरावर चालतो. आत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू नेहमीच्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि केबिनची उष्णता उचलतो. पुढे रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमध्ये त्याचा पुन्हा द्रव होतो आणि ती उष्णता रस्त्यावर टाकली जाते. तो इतक्या कमी तापमानाला उकळतो, म्हणूनच नळ्या स्वतः सैल करण्याच्या भानगडीत पडू नका. तो द्रव हातावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं.

द्रुतगती मार्गावर गारेगार, सिग्नलला घाम

पुण्याहून निघालात, द्रुतगती मार्गावर एसी झकास. शीवच्या सिग्नलला थांबलात आणि आतून कोमट वारा. हे लक्षण इतकं स्पष्ट आहे की मेकॅनिककडे जाण्याआधीच निम्मं निदान झालेलं असतं: उभ्या गाडीत कंडेन्सरला हवा मिळत नाही. धावताना समोरचा वारा ते काम करतो. थांबल्यावर सगळा भार विजेच्या पंख्यावर येतो. पंखा फिरत नसेल, किंवा फिरतोय पण मोटरचे ब्रश झिजून मंद झालाय, तर आतल्या वायूची उष्णता बाहेर पडत नाही.

मंद पंखा फसवा असतो. डोळ्यांना तो फिरताना दिसतो, म्हणून त्याच्यावर संशयच जात नाही. एक कागद कंडेन्सरच्या जाळीसमोर धरा. पंखा ठणठणीत असेल तर तो कागद जाळीला चिकटवून ठेवतो. मरगळलेला असेल तर कागद गळून पडतो. तपासायला अशी सोपी आणि इतकी उपयोगी युक्ती मला दुसरी माहीत नाही.

गॅरेजमधली दुसरी जुनी युक्ती पाण्याची. एसी चालू ठेवून कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारायचा. मिनिटभरात आतला वारा एकदम गार झाला, तर गॅस, कॉम्प्रेसर, वॉल्व्ह सगळं ठीक आहे. कंडेन्सरचाच श्वास कोंडलाय. नुसता पंखाच नाही, जाळीत अडकलेला चिखल, किडे, प्लास्टिकचे तुकडे, वाकलेल्या पात्या हेही कारण असतं. पुष्कळदा कंडेन्सर पुढून स्वच्छ दिसतो आणि खरी घाण त्याच्या व रेडिएटरच्या मधल्या फटीत नमद्यासारखी बसलेली असते. ती मागून पुढे, हलक्या धारेने काढायची. पाण्याचा जोर जास्त झाला तर मऊ ॲल्युमिनियमच्या पात्या लोळतात आणि होतं ते नुकसान कायमचं.

एक गोष्ट मेकॅनिकही विसरतात. रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्या कडेला कंपनीने फोमच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. वीस वर्षांत त्यांचा भुगा होतो. मग पंखा समोरची ताजी हवा ओढण्याऐवजी इंजिनकडची तापलेली हवाच कडेने फिरवून घेतो. काहीशे रुपयांच्या फोमने सिग्नलवरचा एसी सुधारलेला मी पाहिला आहे, म्हणून हे आवर्जून सांगतो.

सिग्नलचा आणखी एक दोषी म्हणजे आयडल, उभ्या गाडीतला इंजिनचा वेग. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, ताकद बहुतेक गाड्यांत चाळीस अश्वशक्तीच्याही आत. त्यातली दोन-तीन अश्वशक्ती एसीने सहज खाल्ली की उभ्या गाडीत इंजिन खचतं. ते खचू नये म्हणून एसी चालू होताच रेस किंचित वाढवणारी छोटी यंत्रणा असते. तिची रबरी नळी चिरली की रेस वाढत नाही, कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि थंडावा ओसरतो. दुरुस्ती वीतभर नळीची.

एसी बंद करायचा? मग पट्टा काढा!

कारखान्यातूनच एसी बसवून आलेली पहिली मोटार अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीची. नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. एसीसाठी २७४ डॉलर वेगळे. कूलिंगचं धूड डिकीत बसायचं आणि डिकीची निम्मी जागा खायचं. सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. इंजिन चालू तर एसी चालू. नको असेल तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने उतरवा. दोनेक वर्षांत पॅकार्डने हा नाद सोडला.

१९५४ साली नॅश कंपनीने सगळं यंत्र पुढे, बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमध्ये बसवून दाखवलं. आजची गाडी अजून त्याच मांडणीवर चालते. पुढे १९६८ मध्ये एएमसी कंपनीने ज्या गाडीत एसी जादा पैसे न घेता सरसकट दिला, तिचं नाव ॲम्बॅसेडर. उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत असलेल्या आपल्या ॲम्बॅसेडरशी तिचं नातं नामसाम्यापुरतंच!

पॅकार्डमध्ये जो नव्हता तो मॅग्नेट क्लच हा जुन्या गाडीतला हमखास दोषी. एसीचं बटण दाबल्यावर बॉनेटमधून ‘टक्’ असा आवाज येतो, तो त्याचा. विजेचं वेटोळं लोखंडी चकती ओढून घेतं आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. चकती आणि पुली यांच्यातलं अंतर साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. वर्षानुवर्षं झिजून ते वाढतं. गाडी थंड असताना चकती ओढली जाते. इंजिनाच्या उष्णतेने वेटोळं तापलं की तारेचा अवरोध वाढतो, चुंबक दुबळा पडतो आणि चकती सुटते. सकाळी एसी छान, दुपारच्या गर्दीत बंद, तासभर गाडी उभी केली की पुन्हा छान, हे त्याचं खास लक्षण. चकतीमागची पातळ वॉशर काढून अंतर कमी केलं की काम भागतं. अशा गाडीत कॉम्प्रेसर बदलायला सांगितला गेला, तर आधी हे अंतर मोजायला सांगा.

कान द्या अजून एका गोष्टीकडे. ‘टक्’ होऊन दोन-तीन सेकंदांत पुन्हा ‘टक्’, असं सारखं चालू-बंद होत असेल तर गॅस बराच कमी आहे. दाब ठरावीक पातळीखाली गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर थांबवतो. तो आडमुठेपणा नाही. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच नळ्यांतून फिरत असतं, गॅस नाही तर तेल नाही. काही जण हा स्विच वायरने थेट जोडून देतात. तात्पुरता वारा गार येतो आणि कॉम्प्रेसर कोरडा घासून जाम होतो. असा ‘जुगाड’ कोणी सुचवला तर त्याला ठाम नकार द्या.

तेल गॅसबरोबर फिरतं याचा आपल्याला फायदाही आहे. गॅस दिसत नाही, पण तो जिथून निसटतो तिथे तेलाचा ओलावा सोडून जातो आणि त्यावर धूळ बसते. नळीच्या सांध्यावर, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, कंडेन्सरच्या कोपऱ्यावर काळपट तेलकट डाग दिसला की गळतीचा पत्ता सापडला. साबणाचा फेस लावून खात्री करता येते. अनेकदा दोषी निघतो तो एक चपटा, कडक झालेला ओ-रिंग.

काट्यांची भाषा

आता मेकॅनिकच्या हातातल्या दोन गेजांकडे वळू. निळं कमी दाबाचं, लाल जास्त दाबाचं. एसी बंद असताना दोन्ही काटे सारखेच असतात, आणि इथे एक नवल दडलंय. तापमान ३० अंश असेल तर आर-१३४ए चा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो (टायरमध्ये आपण तीसच्या आसपास हवा भरतो, तेच माप). आत गॅस भरपूर असो की निम्मा, थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत आकडा तोच! म्हणजे बंद गाडीला गेज लावून ‘प्रेशर चांगलंय, गॅस फुल आहे’ असं कोणी म्हणालं, तर त्यातून एवढंच कळतं की यंत्रणा रिकामी नाही.

खरी गंमत इंजिन चालू असताना. निळा काटा साधारण २५ ते ४५ आणि लाल २०० ते २५० च्या आसपास, कडक उन्हात त्याहून वर, हे बऱ्यापैकी निरोगी एसीचं चित्र. दोन्ही खाली, तर गॅस कमी. दोन्ही वर, तर कंडेन्सरला हवा नाही किंवा गॅस जास्त झालाय. निळा काटा चढलेला आणि लाल उतरलेला, तर कॉम्प्रेसर आतून थकलाय. निळा काटा शून्याखाली बुडतोय, तर वाटेत काहीतरी तुंबलंय. चार ओळींत मावणारं हे ज्ञान प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला असावं, असं मला मनापासून वाटतं. मेकॅनिकशेजारी उभं राहून काट्यांचे आकडे विचारले की बोलणं एकदम मुद्द्यावर येतं.

आणि हो, गॅस जास्त भरला म्हणजे थंडावा वाढतो, हा समज सपशेल उलटा आहे. लहान गाडीत सगळा मिळून साधारण अर्धा किलो गॅस मावतो. त्यावर आणखी शे-दीडशे ग्रॅम रेटले की कंडेन्सर द्रवाने भरून जातो, वायूला निवायला जागा उरत नाही, दाब चढतो आणि कूलिंग घटतं. म्हणून गॅस अंदाजाने भरायचा नाही, वजनकाट्यावर तोलून भरायचा.

बर्फ नको तिथे बर्फ

लांबच्या प्रवासात तासाभराने एसी मंदावतो? मग विचारा: वाऱ्याचा जोर कमी झाला, की जोर तोच आहे आणि वारा गरम झाला?

जोर कमी झाला असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरलाय. कॉइलचं तापमान शून्याच्या आसपास आलं की कॉम्प्रेसर थांबवायला एक थर्मोस्टॅट असतो. तो बिघडला किंवा त्याचं टोक जागचं सरकलं की कॉइल गोठत जाते आणि हवा अडते. एसी बंद करून दहा-पंधरा मिनिटं नुसता ब्लोअर चालवला की बर्फ वितळतो, गाडीखाली पाणी सांडतं आणि सगळं पुन्हा सुरळीत.

जोर तोच आणि वारा गरम, आणि क्लचही सुटलेला नाही, तर यंत्रणेत ओलावा शिरलेला असू शकतो. कूलिंग कॉइलच्या तोंडाशी गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन वॉल्व्हचं भोक अतिशय बारीक. पाण्याचा कण तिथे गोठला की वाट बंद. थोडं थांबलं की वितळतो, पुन्हा चालू, पुन्हा गोठतो. यावर उपाय गॅस भरणं नाही. सगळा गॅस यंत्राने परत काढून घ्यायचा, ओलावा शोषणारा ड्रायर बदलायचा, व्हॅक्यूम मारायचा आणि मग नव्याने भरायचा.

व्हॅक्यूम नुसता हवा काढायला मारतात, असं बहुतेकांना वाटतं. त्याचं दुसरं काम जास्त सुंदर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांना उकळतं. पंपाने नळ्यांमधला दाब नेहमीच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्यापर्यंत उतरवला की पाणी ३० अंशांना, म्हणजे गॅरेजच्या साध्या हवेतच, उकळू लागतं. नळ्यांत लपलेला ओलावा वाफ होऊन पंपातून बाहेर जातो. याला वेळ लागतो. पाच मिनिटांत उरकलेला व्हॅक्यूम ओलावा तिथेच ठेवतो; किमान अर्धा तास पंप चालायला हवा, आणि पंप बंद केल्यावर काटा जागचा हलता कामा नये. हलला, तर गळती अजून आहे.

एकाच माणसाचे दोन शोध

१९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे आर-१२ म्हणून ओळखला गेलेला वायू शोधला. तेव्हाचे शीतक वायू एक तर विषारी, नाहीतर ज्वालाग्राही. १९३० मध्ये मिजलीने रसायनशास्त्रज्ञांसमोर हा नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली: विषारी नाही, पेटत नाही! याच माणसाने आधी, १९२१ मध्ये, पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळण्याची युक्ती काढली होती.

नव्वदीच्या सुरुवातीची एसीवाली मारुती ८०० डोळ्यांपुढे आणा. टाकीत शिसंवालं पेट्रोल, एसीत आर-१२. मिजलीचे दोन्ही शोध एका छोट्या गाडीत. शिशाचं विष मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. आर-१२ मधलं क्लोरीन ओझोनचा थर खातं, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं आणि त्यासाठी १९९५ चं नोबेल क्रुट्झन यांच्यासह त्यांना मिळालं. शिसंवालं पेट्रोल देशभर १ फेब्रुवारी २००० पासून थांबलं. ओझोन वाचवण्याच्या १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला, २००३ पासून आर-१२ सारख्या वायूंवर चालणारी नवी यंत्रं बनवायला बंदी आली आणि १ ऑगस्ट २००८ पासून, दम्याच्या फवाऱ्यांचा अपवाद सोडून, त्यांचं उत्पादनही थांबलं.

या इतिहासाचा तुमच्या जुन्या गाडीशी थेट संबंध आहे. गाडी नव्वदीतली असेल तर तिचा एसी मुळात आर-१२ साठी बनलेला असू शकतो. ओळख सोपी: आर-१२ च्या सर्व्हिस पोर्टला आटे असतात, आर-१३४ए ला खटक्याने बसणारे कपलर लागतात आणि दोन्ही बाजूंचे आकार वेगळे असतात. आर-१२ सोबत चालणारं मिनरल तेल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. तेल न बदलता नुसता नवा वायू भरला तर तेल कोपऱ्यात पडून राहतं आणि कॉम्प्रेसर उपाशी मरतो. शिवाय आर-१३४ए ला कंडेन्सर जरा दणकट हवा. म्हणून ‘बदल करून घेतलेल्या’ गाडीत एसी सदा कमकुवत असेल, तर मूळ कंडेन्सर तिला पुरत नाही हा संशय घ्या.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट. अर्धा किलो हवेत सोडला की सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. गळती न बुजवता दरवर्षी गॅस भरणं खिशाला जेवढं महाग, तेवढंच आभाळाला.

बाटलीत काय आहे?

स्वस्त गॅसपासून जपून. कधी बाटलीत स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वालाग्राही वायू मिसळलेला असतो. त्याहून भयंकर भेसळ मेथिल क्लोराइडची. ॲल्युमिनियमशी संयोग होऊन त्यातून असं संयुग तयार होऊ शकतं, जे हवा लागताच आपोआप पेटतं. २०११ साली व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये जहाजांवरच्या शीत कंटेनरची दुरुस्ती करताना स्फोट झाले आणि कामगारांचे प्राण गेले. कारण निघालं हेच. इथे काळजी मालकाइतकीच मेकॅनिकचीही आहे, कारण बॉनेटवर वाकलेला असतो तो.

मुंबईचा एसी, अकोल्याचा एसी

एक लिटर पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४२० किलोज्यूल लागतात. हवेतल्या वाफेचं एक लिटर पाणी करायला मात्र २४०० च्या आसपास उष्णता काढून घ्यावी लागते, साडेपाच पटींहून जास्त. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत एसीची मोठी ताकद अशी घाम पुसण्यात जाते. अकोल्याला, चंद्रपूरला मे महिन्यात हवा कोरडी, तिथे गाडीखाली पाणी जेमतेम ठिबकतं. पण बाहेर ४५ अंश असताना कंडेन्सरला उष्णता टाकायची तरी कुठे? त्यामुळे किनाऱ्यावर कूलिंग कॉइल स्वच्छ हवी आणि विदर्भात कंडेन्सरचा पंखा. मुंबईत ठीक चालणारी जुनी गाडी नागपूरला पोचताच दमते, त्याचं कारण हेच.

गाडीखाली पाणी पडणं हे तब्येतीचं लक्षण आहे. दमट हवेत ते पडतच नसेल आणि शेजारच्या सीटच्या पायाशी गालिचा ओला होत असेल, तर पाण्याची नळी तुंबली आहे. तारेच्या टोकाने हळूच मोकळी करा.

त्या कॉइलवर काय काय सापडतं! बऱ्याच जुन्या लहान गाड्यांत केबिन फिल्टरच नाही. कडुनिंबाखाली, गुलमोहराखाली गाडी उभी राहते, पानं काचेखालच्या जाळीतून आत जातात आणि ओल्या कॉइलवर त्यांचा लगदा होतो. कुबट वास येतो तो तिथल्या बुरशीचा. उंदीर ब्लोअरमध्ये घरटंही करतो. वारा चार नंबरवरही मरतुकडा असेल तर आधी इथे बघा. मुक्कामाला पोचण्याआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवलात, तर कॉइल सुकते आणि वास धरत नाही.

राहिला हीटर. आपल्याकडे तो कोणी लावत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानातच येत नाही. केबल निसटून गरम पाण्याचा वॉल्व्ह किंचित उघडा राहिला, की थंड हवा गरम होऊनच बाहेर येते. एसी कितीही धडधाकट असो. तपासणी अशी: सकाळी गाडी अर्धा तास चालवा, एसी बंद, ब्लोअर चालू, हवा बाहेरची, बटण पूर्ण निळ्या टोकाला. येणारा वारा बाहेरच्या हवेपेक्षा चांगलाच गरम लागला तर चोर सापडला.

पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे शाफ्टच्या सीलला तेल मिळत राहतं. कसारा किंवा आंबोलीच्या घाटात समोरची काच धुकटली तर तोच एसी हवेतला ओलावा ओढून ती झटकन साफ करतो.

आणि गॅरेजला जाण्याआधी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेला छोटा कागद शोधा. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे बहुतेक गाड्यांत त्यावर लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा, मेकॅनिकला दाखवा आणि बिलावर भरलेल्या गॅसचे ग्रॅम लिहून मागा.